दोन ग्रॅम हायड्रोजन कोण नेणार?

(वडीगोद्री येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्या सरांच्या स्मृतीसाठी आपण जमलो आहोत, ते आयुष्यभर रसायनशास्त्र शिकवत राहिले. त्यांच्या नावाच्या व्याख्यानात रसायनशास्त्रच बोलावं, आणि गावात बोलायचं म्हणून ते पातळ करू नये, असं मला वाटलं. म्हणून विषय घेतला आहे बेन्झॉक्साझोल आणि त्याच्या कुळातले रेणू कसे तयार करतात हा. नाव अवघड आहे. वस्तू मात्र तुमच्या घरात, शेतात, गावच्या मेडिकलमध्ये आधीपासून आहे.

आधी तिची आकृती डोळ्यांसमोर आणू. बेन्झिनचा षटकोन सगळ्यांना माहीत आहे. त्याच्या एका बाजूला लागून पाच अणूंचं आणखी एक वलय जोडायचं. या पाचांतले दोन कार्बन षटकोनाचेच. उरलेल्या तिघांत एक नायट्रोजन, एक ऑक्सिजन आणि त्या दोघांना जोडणारा एक कार्बन. झालं बेन्झॉक्साझोल. ऑक्सिजनच्या जागी गंधक घाला, बेन्झोथायाझोल होईल. तिथे दुसरा नायट्रोजन घाला, बेन्झिमिडाझोल होईल. सांगाडा तोच, एक अणू बदलला.

आता हे भेटतात कुठे? बियाण्याला चोळायचं बाविस्टीन म्हणजे कार्बेन्डाझिम, ते बेन्झिमिडाझोल. वर्षातून दोनदा शाळेत आणि अंगणवाडीत मुलांना जंताची गोळी देतात, ती अल्बेन्डाझोल, तेही बेन्झिमिडाझोल. सकाळी उपाशीपोटी घ्यायची पॅन्टोप्राझोलची गोळीही त्यातलीच. काजव्याचा उजेड ज्या ल्युसिफेरिनमुळे पडतो, त्यात बेन्झोथायाझोल आहे. आणि ऊसतोडीच्या हंगामात कंबर धरली की मेडिकलवाला जी स्नायू सैल करणारी गोळी देतो, तिच्यात पॅरासिटामॉलसोबत बऱ्याचदा क्लोरझोक्साझोन असतं. ते बेन्झॉक्साझोलच्या वलयावर एक क्लोरीन आणि एक जादा ऑक्सिजन बसवून तयार झालं आहे. ते करायची एक पद्धत तर तुम्हाला ओळखीची वाटेल. क्लोरीन असलेला अमिनोफिनॉल युरियाबरोबर तापवायचा. युरियातला कार्बन नायट्रोजन आणि ऑक्सिजन यांच्यामध्ये जाऊन बसतो आणि अमोनिया निघून जातो.

वलय एक असलं म्हणून गुण एक नसतात, हे इथेच सांगून ठेवतो. सोयाबीन-कपाशीत गवतवर्गीय तणांसाठी फेनॉक्झाप्रॉप नावाचं तणनाशक वापरतात. त्यातही बेन्झॉक्साझोल आहे. गवतवर्गातल्या वनस्पतींचं चरबी तयार करणारं एक विकर ते बंद पाडतं. कपाशीचं तेच विकर वेगळ्या घडणीचं असतं, म्हणून कपाशी वाचते. पण फवारा शेजारच्या मक्यावर गेला तर मका वाचत नाही. दुसरीकडे बेनोक्साप्रोफेन हे सांधेदुखीचं औषध १९८० साली ब्रिटनमध्ये बाजारात आलं आणि यकृतावरच्या दुष्परिणामांमुळे, माणसं दगावल्यामुळे, १९८२ साली मागे घ्यावं लागलं. आणि टॅफामिडिस या बेन्झॉक्साझोलमुळे एका आनुवंशिक आजाराच्या रुग्णांचं आयुष्य वाढलं. अमेरिकेतल्या स्क्रिप्स संस्थेत जेफ्री केली यांच्या गटाने ते शोधलं, २०११ साली युरोपात त्याला मान्यता मिळाली आणि २०१९ साली अमेरिकेत हृदयाच्या आजारासाठी. वलयाला काय जोडलं आहे आणि ते शरीरात कुठे जाऊन बसतं, यावर सगळं ठरतं.

मक्याचं नाव निघालंच आहे, तर तिथे जरा थांबू. आपल्या भागात मका भरपूर होतो, आणि तो स्वतः या रेणूंचा कारखाना आहे. फिनलंडमधले नोबेल विजेते आर्तुरी विर्तानेन यांच्या गटाने १९५० च्या दशकात राय या धान्याच्या कोवळ्या रोपांत बेन्झॉक्साझोलिनोन शोधून काढलं. मका आणि गहू यांच्यात त्याचा मेथॉक्सी अवतार सापडला. पुढे १९९७ साली म्युनिकच्या संशोधकांनी मक्यातली पाच जनुकं दाखवली, जी एकापाठोपाठ एक काम करून याचा मूळ रेणू घडवतात. पहिलं जनुक इन्डोल तयार करतं. पुढची चार जनुकं ज्या विकरांची, ती हवेतल्या ऑक्सिजनचे अणू एकेक करून त्यात बसवतात. ना उकळणं, ना ॲसिड. शेतातल्या तापमानाला, पाण्यात.

तयार माल रोप साखर जोडून पेशीत ठेवून देतं. साखर जोडलेली असेपर्यंत तो निरुपद्रवी. अळीने पान चावलं की पेशी फुटते, विकर साखर तोडतं आणि डिम्बोआ नावाचा तिखट रेणू मोकळा होतो. त्याचं वलय सहा अणूंचं असतं. पाण्यात राहून ते हळूहळू फॉर्मिक ॲसिड गमावतं आणि पाच अणूंचं होतं, म्हणजे बेन्झॉक्साझोलिनोन तयार होतं. मग २०१८ साली कर्नाटकातून महाराष्ट्रात शिरलेली अमेरिकन लष्करी अळी मक्याच्या पोंग्यात बसून एवढी कशी माजली? तिच्याकडे यावर तोड आहे. ती डिम्बोआला पुन्हा साखर जोडते, पण उलट्या बाजूने. मक्याचं विकर ही उलटी साखर तोडू शकत नाही आणि विष कायमचं बंद होऊन जातं. २०१४ साली हे सिद्ध झालं. वनस्पती आणि कीड यांच्यातली ही लढाई अणूंच्या डाव्या-उजव्या बाजूवर चालते, हे शाळेत मुलांना सांगायला हवं. अळी तर त्यांनी डोळ्यांनी पाहिलेली असते.

आता प्रयोगशाळेत येऊ.

बेन्झॉक्साझोल करायचं तर सुरुवात बहुतेक वेळा ऑर्थो-अमिनोफिनॉलपासून होते. बेन्झिनच्या शेजारशेजारच्या दोन कोपऱ्यांवर एकीकडे अमिनो गट, दुसरीकडे हायड्रॉक्सी गट. शुद्ध असेल तर पांढरं. पण बाटली उघडली की हवा लागते, आणि काही महिन्यांत ते तपकिरी होत जातं. त्याला हवा सहन होत नाही ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल. नायट्रोजन आहे, ऑक्सिजन आहे, फक्त मधला एक कार्बन आणून बसवायचा आहे. तो आणायचे दोन मुख्य रस्ते. एक कार्बॉक्सिलिक ॲसिडचा, दुसरा अल्डिहाइडचा.

ॲसिडचा रस्ता जुना. अल्बर्ट लाडेनबुर्ग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १८७६ साली तो दाखवला. अमिनो गट ॲसिडला धरतो, पाण्याचा एक रेणू जातो आणि अमाइड तयार होतं. मग शेजारचा ऑक्सिजन त्याच कार्बनवर येऊन वलय बंद करतो आणि पाण्याचा दुसरा रेणू जातो. म्हणजे इथला सगळा प्रश्न पाणी घालवण्याचा. पाणी तिथेच राहिलं तर दुसरी पायरी नीट पुढे सरकत नाही. म्हणून खूप तापवायचं, किंवा पाणी शोषणारं काहीतरी घालायचं. १९५७ साली हाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यासाठी पॉलिफॉस्फोरिक ॲसिड वापरलं आणि ते दोन पिढ्या चाललं. ज्यांनी ते हाताळलं त्यांनाच ठाऊक. थंडीत बाटलीतून काकवीसारखं ओघळतं, चमच्याला चिकटतं, ढवळायची काडी अडकते. दोनशे अंशांच्या आसपास तापवलं की जरा पातळ होतं. काम झालं की सगळं बर्फात ओतायचं आणि सोडा घालून आम्ल मारायचं. मूठभर माल मिळतो आणि बादलीभर फॉस्फेटचं पाणी उरतं. ते पाणी कुठे ओतायचं, हे पुस्तकातल्या कृतीत नसतं.

यापेक्षा सुंदर पद्धत म्हणजे पाणी डोळ्यांसमोर बाहेर काढायची. झायलीनमध्ये, थोडं टोल्युइनसल्फॉनिक ॲसिड घालून, डीन-स्टार्क नळी लावून उकळायचं. झायलीन आणि पाणी दोन्ही वाफ होऊन वर जातात, कंडेन्सरला थंड होऊन आखलेल्या नळीत पडतात. पाणी जड, म्हणून ते तळाशी बसतं आणि झायलीन वरून परत फ्लास्कमध्ये जातं. एक दशांश मोल माल घेतला असेल तर पाण्याच्या प्रत्येक रेणूमागे १.८ मिलिलिटर पाणी जमायला हवं. नळीतली पाण्याची रेघ वर सरकताना पाहत बसायचं, आणि ती सरकायची थांबली की प्रयोग झाला असं समजायचं. रासायनिक समीकरण डोळ्यांनी मोजता येण्याचा असा दुसरा प्रसंग महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत क्वचितच येतो. टॅफामिडिसचं वलयही झायलीन आणि त्याच ॲसिडच्या साहाय्याने बंद करता येतं.

दुसरा रस्ता अल्डिहाइडचा. इथे मन लावून ऐका, कारण गेल्या काही दशकांत निघालेल्या बहुतेक नव्या पद्धती याच रस्त्यावर आहेत.

बेन्झाल्डिहाइड घ्या, बदामाच्या अर्काच्या वासाचा द्रव. तो अमिनोफिनॉलमध्ये मिसळला की पाण्याचा एक रेणू सहज जातो आणि पिवळसर इमाइन तयार होतं. एवढं काम अल्कोहोलमध्ये थोडं गरम करूनही होतं. पण इमाइन म्हणजे बेन्झॉक्साझोल नव्हे. वलय अजून उघडंच आहे. शेजारच्या ऑक्सिजनने येऊन वलय बंद करायचं, आणि मग त्यातून दोन हायड्रोजन काढायचे, तेव्हा ते सुगंधी होतं, स्थिर होतं.

हिशोब मांडू. १०६ ग्रॅम बेन्झाल्डिहाइड आणि १०९ ग्रॅम अमिनोफिनॉल, एकूण २१५ ग्रॅम. त्यातून १९५ ग्रॅम फिनिलबेन्झॉक्साझोल मिळतं. १८ ग्रॅम पाणी जातं. उरतात दोन ग्रॅम. हे दोन ग्रॅम म्हणजे हायड्रोजन, आणि सगळी भांडणं या दोन ग्रॅमवरून आहेत. तो कोण उचलून नेणार?

१९४९ साली स्टीफन्स आणि बोवर यांनी लेड टेट्राॲसिटेट वापरलं. काम झालं. पण एका मोलसाठी ते ४४३ ग्रॅम लागतं, आणि त्यात २०७ ग्रॅम शिसं. दोन ग्रॅम हायड्रोजन हलवायला दोनशे ग्रॅम शिसं प्रयोगशाळेत आणायचं! डीडीक्यू हे क्विनोन आलं, ते २२७ ग्रॅम. ते ओलाव्यात आलं तर हायड्रोजन सायनाइड सुटण्याचा धोका. हायपरव्हॅलंट आयोडीनची संयुगं आली, त्यातलं नेहमीचं ३२२ ग्रॅम, आणि काम झाल्यावर आयोडोबेन्झिन मागे ठेवून जातं. पद्धती चालतात, मालही चांगला मिळतो. पण कुणी तागडी लावली, तर वाहतूक करणारा मालापेक्षा जड आहे.

हवेतला ऑक्सिजन मात्र १६ ग्रॅममध्ये हे काम करतो आणि मागे फक्त पाणी ठेवतो. अडचण एवढीच की एकटा तो मंद आहे. २००३ साली जपानच्या हायाशी यांच्या गटाने साधा सक्रिय कोळसा घालून, झायलीनमध्ये १२० अंशांना ऑक्सिजन सोडून हे करून दाखवलं. ना शिसं, ना आयोडीन. शेवटी कोळसा गाळून टाकायचा. मला विचाराल तर या विषयातल्या शेकडो पद्धतींत ही सर्वांत प्रामाणिक.

तांब्याच्या पद्धतींवर थोडक्यात बोलतो, कारण त्या वेगळ्या दारातून येतात. कॅनडातले बेटी आणि त्यांचे सहकारी यांनी २००६ साली ब्रोमीन लावलेल्या अमाइडपासून सुरुवात केली आणि तांब्याच्या मदतीने ऑक्सिजन थेट बेन्झिनला जोडून वलय बंद केलं. इथे ऑर्थो-अमिनोफिनॉल लागत नाही, त्यामुळे नवनवे रेणू करता येतात. पण जाताना ब्रोमाइड निघतं, ८० ग्रॅम. आणखी एक दार आहे, नायट्रोफिनॉल आणि बेन्झिल अल्कोहोलचं. अल्कोहोल स्वतःचा हायड्रोजन सोडतो आणि तो नायट्रो गटाला जातो, बाहेरचं ऑक्सिडीकारक लागतच नाही. कागदावर हे मनाला भावतं. पण तिथेही मोजलं की कळतं, नायट्रो गटाचे दोन आणि अल्कोहोलचा एक, अशा तीन ऑक्सिजनांना लागतात सहा हायड्रोजन आणि हाती असतात चार. म्हणून अल्कोहोल जादा घालावं लागतं.

आता आपल्या मराठवाड्याकडे. विषमवलयी संयुगांचं संश्लेषण हे छत्रपती संभाजीनगरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या रसायनशास्त्रात दीर्घकाळ रुजलेलं काम आहे. डॉ. मुरलीधर शिंगारे यांच्या गटाने २००९ साली सेरिक अमोनियम नायट्रेट आणि अल्ट्रासाउंड वापरून, पाणी घातलेल्या माध्यमात, तीन ॲरिल गट असलेले इमिडाझोल एकाच भांड्यात करून दाखवले. इमिडाझोल म्हणजे आपल्या बेन्झिमिडाझोलमधलं पाच अणूंचं वलय. त्या परंपरेत शिकलेली मुलं-मुली आज मराठवाड्यातल्या गावोगावच्या महाविद्यालयांत शिकवतात. फ्यूम हूड धड नाही, व्हॅक्यूम पंप बंद, एनएमआरसाठी नमुना दुसऱ्या शहरात पाठवायचा आणि आठवडे वाट पाहायची. अशा स्थितीत ते शोधनिबंध लिहितात. याचा मला मनापासून अभिमान आहे. म्हणूनच पुढचं बोलण्याचा हक्क मी घेतो.

बेन्झॉक्साझोलवर नवा उत्प्रेरक म्हणून जे निबंध निघतात, त्यांतल्या पुष्कळांत एक प्रश्नच विचारलेला नसतो. उत्प्रेरक काढून टाकला तर काय होतं? आणि त्याच्या पोटातला दुसरा प्रश्न: तुमचा उत्प्रेरक ॲसिड आहे, ॲसिड हायड्रोजन उचलत नाही, मग ते दोन ग्रॅम गेले कुठे? उघड्या भांड्यात केलं असेल तर हवेने नेले. मग श्रेय हवेचं. बंद भांड्यात नायट्रोजनखाली केलं असेल तर मालाच्या नावानं इमाइनच उचललं असण्याची शक्यता आहे. पाच मिनिटांत पंच्याण्णव टक्के माल, असं वाचलं की मला पहिली शंका हीच येते.

ही शंका तपासायला मोठं यंत्र लागत नाही. इमाइन ९० अंशांच्या आसपास वितळतं, फिनिलबेन्झॉक्साझोल १०२ च्या आसपास. द्रवणांकाचं उपकरण प्रत्येक महाविद्यालयात आहे. त्याहून सोपं म्हणजे चिमूटभर माल सौम्य हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये कोमट करायचा. इमाइन असेल तर ते फुटतं आणि बदामाचा वास पुन्हा येतो. बेन्झॉक्साझोल असेल तर वास येत नाही. एनएमआर मिळालाच तर ८.७ च्या आसपासचा इमाइनचा प्रोटॉन गेला आहे का, तेवढं पाहायचं.

वलयाच्या तिन्ही प्रकारांना एकाच पद्धतीने हाकणं हीही एक गफलत. अमिनोथायोफिनॉलमधला गंधक झटकन वलय बंद करतो आणि पुढचं काम हवेवरही होतं. डायअमाइनचा नायट्रोजनही तसा तत्पर. ऑक्सिजन मात्र अडतो. पाच अणूंचं वलय या कोनातून बंद होणं अवघड, हे जॅक बाल्डविन यांनी १९७६ साली नियमांत मांडलं. त्यामुळे बेन्झोथायाझोलचे दहा दाखले देऊन तळाशी एक बेन्झॉक्साझोल चिकटवलं की पद्धत सिद्ध झाली, असं होत नाही. अवघड गडी आधी घ्यावा.

आणि 'हरित' या विशेषणाबद्दल. लिंबाचा रस उत्प्रेरक म्हणून घातला, रिॲक्शन पाण्यात केली, आणि मग अर्धा ग्रॅम माल काढण्यासाठी सिलिकाचा कॉलम लावून दोन बाटल्या इथाइल ॲसिटेट आणि पेट्रोलियम ईथर ओतलं, तर त्यात हरित काय राहिलं? रॉजर शेल्डन यांनी १९९२ साली साधी पट्टी दिली: एक किलो मालामागे किती किलो कचरा. औषध उद्योगात हा आकडा २५ ते १०० आणि त्याहून पुढे जातो. आपल्या निबंधात हा एक आकडा छापायला काहीच लागत नाही, फक्त तागडी लागते. द्रावण थंड करून स्फटिक पाडता आले तर कॉलमची गरजच नाही, आणि फिनिलबेन्झॉक्साझोल अल्कोहोलमधून छान स्फटिक देतं.

विद्यार्थ्यांसाठी एक काम सांगून थांबतो. बेन्झाल्डिहाइडऐवजी सॅलिसिलाल्डिहाइड घ्या. त्यापासून होणारं बेन्झॉक्साझोल यूव्ही दिव्याखाली हिरवट-निळं झळकतं. रेणूतला एक प्रोटॉन प्रकाश पडताच ऑक्सिजनवरून नायट्रोजनवर उडी मारतो, त्याचा हा उजेड. अशा रंगांवर माटुंग्याच्या आयसीटीत नागय्यन शेखर यांनी पुष्कळ काम केलं आहे. म्हणजे प्रयोग पुढे किती गेला हे टीएलसी प्लेटवर डोळ्यांनी पाहता येतं.

चार फ्लास्क लावा. अमिनोफिनॉलला हवा सहन होत नाही, म्हणून सगळ्यांत आधी इमाइन करून घ्या आणि तेच चौघांत वाटा. पहिल्यात सक्रिय कोळसा आणि हवा. दुसऱ्यात तुमचा आवडता उत्प्रेरक आणि हवा. तिसऱ्यात तोच उत्प्रेरक, पण नायट्रोजन भरलेला फुगा लावून. चौथ्यात काहीच नाही, फक्त हवा. तापमान चौघांचं सारखं. दर तासाला प्लेट लावा आणि वहीत चारही रकाने भरा, चौथा रिकामा दिसला तरी. मग हाच संच अमिनोथायोफिनॉल घेऊन पुन्हा करा, आणि तो मात्र खिडक्या उघड्या ठेवून, वास फार वाईट असतो. माझा अंदाज असा, की अमिनोफिनॉलच्या संचात तिसरा आणि चौथा फ्लास्क दिवसभरानंतरही बहुतांशी इमाइनच दाखवतील, आणि थायोफिनॉलच्या संचात चौथा फ्लास्क दुसऱ्याच्या फारसा मागे राहणार नाही. तुम्हाला वेगळं दिसलं तर ती वही घेऊन माझ्याकडे या, आपण मिळून पाहू.